सात नंबरची फळी

जग संपल्यानंतरचं गाव पाहिजे, असा फोन आला तेव्हा मी अर्धापूरजवळ एका केळीच्या बागेत उभा होतो. एका गाण्यासाठी तिथं केरळ उभं करायचं होतं. बागेचे मालक नारळाची झाडं कुठून आणणार म्हणून माझ्यापेक्षा जास्त काळजीत होते. आणि फोनवर एक बाई शांतपणे विचारत होत्या, "माणसं थोडीच उरली आहेत, बाकी सगळं संपलंय, असं दिसणारं काही आहे का तुमच्याकडे?"

मी म्हटलं, "आहे." आमच्या धंद्यात आधी 'आहे' म्हणायचं असतं, मग शोधायचं असतं.

सिनेमावाल्यांना जागा शोधून देणं हे माझं काम. त्याला लोकेशन मॅनेजर म्हणतात. माझे वडील उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, पोती वाहायचे. त्यांना हा शब्द शेवटपर्यंत जमला नाही. कुणी विचारलं की ते सांगायचे, "पोरगं बीए झालंय, जागा दाखवतंय." ऐकणाऱ्याला वाटायचं मी प्लॉट विकतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. मला तिथवर पोचवलं ते भूगोलाच्या सरांनी. सर आम्हाला गावाबाहेर नेऊन नकाशे काढायला लावायचे आणि म्हणायचे, "नकाशात गाव दिसतं रे, गावात नकाशा दिसत नाही. तो माणसांना विचारावा लागतो." या एका वाक्यावर मी बावीस वर्षं पोट भरलं आहे.

परवानगी दोन तऱ्हेची असते. एक कागदावरची, तहसील, पोलीस, ग्रामपंचायत यांची. ती मिळते. दुसरी माणसाची. ती मिळाली की नाही हे कळायला आमच्या भागातली भाषा कळावी लागते. 'बघू' म्हणजे नाही. 'बघू की' म्हणजे जवळजवळ हो. देगलूरला एका म्हाताऱ्या मालकांनी मला मराठीत 'बघू', तेलुगूत 'सरे' आणि उर्दूत 'अच्छा' असं एका दमात सांगितलं होतं. मी 'सरे' म्हणजे 'ठीक आहे' धरून ट्रक घेऊन गेलो. ते 'बघू'वर ठाम होते. ट्रक परत आला.

सगळ्यात अवघड उत्तर म्हणजे 'तुमचंच हाय की'. बाहेरच्या माणसाला वाटतं, मालकानं सगळं देऊन टाकलं. खरं तर मालक म्हणत असतो, आता तुमच्या भरवशावर सोडतोय, आपलं समजून सांभाळा. याच्याइतकं जड उत्तर दुसरं नाही. पुढचं सगळं या एका वाक्यावरून घडलं.

जग संपलेलं गाव मी तीन दिवस शोधलं. खरं सांगायचं तर मला ते पहिल्याच दिवशी आठवलं होतं, पण नाव घ्यायचा धीर होत नव्हता. लातूरच्या दक्षिणेला भूकंपात पडलेली गावं आहेत. माणसं नव्या गावठाणात गेली आणि जुनी गावं तशीच राहिली: दगडांचे ढीग, त्यांवर वेड्या बाभळी, मधेच एखादी चौकट. जग तिथं खरोखरच संपलं होतं. ते भाड्यानं द्यायचं का?

मॅडमना मी फोनवर हे बोलून दाखवलं. मॅडम म्हणजे फोनवरच्या त्याच बाई, चित्रपटाच्या दिग्दर्शक. वय जेमतेम पस्तीस. त्या म्हणाल्या, "तुम्ही आधी तिथल्या माणसांना विचारा. ते नाही म्हणाले तर आपण नाही करायचं." हे शब्द ऐकले आणि मला त्यांच्याविषयी आदर वाटला. तो अजून आहे.

नव्या गावात सगळ्यांनी एकच नाव सांगितलं, मन्मथअप्पा. सत्तरी ओलांडलेले, कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, किराणा आणि लोखंडी सामानाचं दुकान. मी सगळं सांगितलं. सिनेमाची गोष्टही सांगितली. एक रोग येतो, जग रिकामं होतं. एका गावात एकच दुकान उरतं, त्यात सात माणसं आणि थोडं धान्य. बाहेरून कुणीतरी दार वाजवतं. आत घ्यायचं का? तो खरं बोलतोय का? आणि आतल्या सातांत खोटा कोण?

अप्पांनी चहा ओतून दिला. "जग संपल्यावर किराणा दुकानच उरतंय म्हणा की."

"तसंच आहे, अप्पा."

"बरोबर हाय. आमचंच उरलं हुतं."

अप्पांचं जुनं दुकान लाकडी खांबांचं आणि पत्र्याचं होतं. मातीदगडाच्या जाड भिंतींची घरं बसली, हे उभं राहिलं. चौकट आणि उंबरा अजून जागेवर होते. ते दाखवायला अप्पा स्वतः माझ्यासोबत आले आणि चपला बाहेर काढून आत शिरले.

मी म्हटलं, "अप्पा, इथं शूटिंग केलं तर चालेल? कशाला हात लावणार नाही. जसं आहे तसं राहील."

त्यांनी वाकून उंबऱ्यावरची धूळ हातानं पुसली. मग म्हणाले, "करा की. तुमचंच हाय."

मी मॅडमना आणि सगळ्या युनिटला बसवून या वाक्याचा अर्थ समजावून सांगितला. सगळ्यांनी माना हलवल्या. आर्ट डिपार्टमेंटचा मुख्य त्या दिवशी लातूरला रंग आणायला गेला होता. त्याला सांगायचं माझ्याकडून राहिलं. ही चूक माझी.

शूटिंगला दुकानाचं दार हवं होतं. जुन्या दुकानांना शटर नसायचं. उंबऱ्यात एक खाच, वरच्या तुळईत एक खाच, आणि त्यांत उभ्या फळ्या एकेक करून सरकवायच्या. प्रत्येक फळी थोडी वेगळी कापलेली, म्हणून प्रत्येकीवर ऑइलपेंटनं नंबर. क्रम चुकला की दुकान लागत नाही. अप्पांनी त्या फळ्या नव्या घराच्या माळ्यावर जपून ठेवल्या होत्या. त्यांनी त्या काढून दिल्या. अकरापैकी दहा निघाल्या. सात नंबरची नव्हती. मी विचारलं, तर अप्पा म्हणाले, "न्हाई ती." बस, एवढंच.

आर्टवाला मनानं चांगला आणि कामाला वाघ होता. फळी कमी आहे म्हटल्यावर त्यानं निलंग्याहून जुनं सागवान आणलं, कापलं, चहाच्या पाण्यानं काळवंडवलं, वाळवी लागल्यासारखी भोकं पाडली आणि वर पांढरा '७' काढला. तो सात बाकीच्या आकड्यांच्या वळणाचा होता. ओळखू येणं शक्य नव्हतं.

शूटिंगच्या दिवशी सकाळी अख्खं नवं गाव जुन्या गावात आलं होतं. बायकांनी डबे आणले होते. जग संपल्यानंतरची माणसं म्हणून गावातल्याच वीसेक जणांना फाटके कपडे घालून उभं केलं होतं, आणि त्यांच्या घरचे त्यांना हसत होते.

"आबा, रोज असंच दिसताव की. ह्यात मेकअप कुठं हाय?"

"गप ग. जग संपलंय, थोडं रडावं माणसानं."

अप्पांसाठी मॅडमनी आपली खुर्ची दिली होती. त्यांनी अप्पांना विचारलं, "अप्पा, तुम्ही पाहिलंय म्हणून विचारते. जग संपल्यावर माणसं कशी वागतात?"

"द्येवावानी वागत्यात," अप्पा म्हणाले. "माझ्या दुकानातलं जेला जे पाहिजे ते नेलं. दोर, कंदील, घमेली. कुणी विचारलं न्हाई, मी सांगितलं न्हाई. सिनेमात तुम्ही दारं लावून घेतलीत. आमच्याकडं कुणी दार लावलं न्हाई."

मॅडम वहीत लिहून घेत होत्या.

तालीम सुरू झाली. दुकानदाराचं काम करणारा नट आतून फळ्या लावू लागला. बाहेर एक बाई हात जोडून उभी. एक, दोन, तीन. फळी खाचेत बसताना खट् असा आवाज येतो. चार, पाच, सहा. नटानं सातवी उचलली.

अप्पा खुर्चीतून उठले. "थांबा. ही कुणी आनली?"

सगळे थांबले. आर्टवाला कौतुकाच्या अपेक्षेनं पुढं आला. "मी केली, अप्पा. सेम टू सेम आहे ना?"

अप्पांनी फळीवरच्या आकड्यावर बोट फिरवलं, मग मागं वळून माझ्याकडं पाहिलं. "तुम्ही म्हनलं हुतं, जसं हाय तसं."

बावीस वर्षांत मला इतकं लहान कधी वाटलं नव्हतं. मी माफी मागू लागलो. ते ऐकत नव्हते. उंबऱ्यावर बसले. मॅडमनी सगळ्यांना जेवायला पाठवलं आणि आम्ही दोघंच अप्पांपाशी राहिलो.

"मगाशी खोटं बोललो बाई," अप्पा म्हणाले. "दार लागलं हुतं. मीच लावलं."

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या पहाटे भूकंप झाला. उजाडल्यावर अप्पांनी दुकान उघडून दिलं. लोखंडी पहारी होत्या, त्या दगड उचकटायला लोकांनी नेल्या. एक उरली. ती त्यांनी मागं ठेवली, गावातल्या कुणाला लागली तर म्हणून. तेवढ्यात रस्त्यानं एक अनोळखी माणूस पळत आला. अंगात लाल कोट, पितळी बटणं, खांद्यावर चंदेरी झालर. म्हणाला, 'सावकार, पहार द्या. पुढच्या गावात आमची अक्का खाली हाय.'

"मढी पडलीत गावात आन ह्यो लाल कोट घालून आलेला," अप्पा म्हणाले. "मला वाटलं, लुटायला आलाय. न्हाई म्हनलो. त्यो पाया पडला. मी आतनं फळ्या लावायला लागलो. सहा लावल्या. सातवी भाईर टेकवलेली, ती घेऊन त्यो पळाला. तवा तर खात्रीच झाली, चोर हाय. फटीला साखरेचं पोतं लावून बसलो आत."

"आणि ती पहार?" मॅडमनी विचारलं.

"कोपऱ्यात. दिवसभर कुणी मागितलीच न्हाई."

पुढं पत्र्याच्या शेडमध्ये राहताना एक दिवस त्यांच्या मनात आलं, फळी चोरून कुणी काय करेल? गल्ला समोर उघडा होता, त्याकडं त्यानं पाहिलंसुद्धा नाही. फळी ही चोराची वस्तू नव्हे. उचकटायला काही नसलेल्या माणसाची वस्तू आहे.

"लाल कोट कशाचा हुता ते बी मागाहून ध्यानात आलं. बँडवाला हुता. आदल्या दिशी मिरवणुकीत वाजवलं आसंल, तसाच निघाला बिचारा. ती अक्का जगली का मेली, ह्येवढंच मला म्हाईत न्हाई. इचारायला कुठं गेलो न्हाई. भ्यालो. सर, तुम्ही जागा हुडकताव. मानूस हुडकता येतंय का?"

आर्टवाल्यानं मागं उभं राहून सगळं ऐकलं होतं. त्यानं आपली फळी उचलून नेली. प्रसंग सहा अधिक चार फळ्यांवरच चित्रित झाला, मधे एक फट ठेवून. बाहेरच्या बाईचा एक डोळा त्या फटीतून दिसत राहतो. चित्रपट पाहिलेले लोक मला त्या डोळ्याबद्दल सांगतात. अप्पांनीही तो नातवाच्या मोबाईलवर पाहिला. म्हणाले, "अंधार लई हाय. पर त्यो डोळा बरोबर हाय."

माणूस हुडकायला मी अप्पांना हो म्हणून बसलो होतो. आधी 'आहे' म्हणायचं, मग शोधायचं. शिवाय मी एक शब्द मोडला होता, तो कुठेतरी भरून द्यायला हवा होता.

बँडवाल्यांशी माझी जुनी ओळख. लग्नाच्या प्रसंगांना त्यांच्याशिवाय भागत नाही. उदगीरच्या एका म्हाताऱ्या बँडमास्तरांना मी कोटाचं वर्णन सांगितलं. त्यांनी मला वेड्यात काढलं. "तीस-बत्तीस वर्साखालचा कोट हुडकायलाव?" मग डोळे मिटून म्हणाले, "आमचे निळे. नांदेडचे हिरवे. लाल कोट, चंदेरी झालर म्हणजे निलंग्याच्या पुढची पार्टी. त्यात मारोती म्हनून एक हुता, त्येची अक्का भूकंपाच्या गावात दिलेली. क्लॅरोनेट वाजवायला बसला की नवरदेव घोड्यावरनं उतरायचा."

मी अप्पांना कळवलं. त्यांनी दुसऱ्याच दिवशी दुकानात बोलावून कापडात गुंडाळलेली ती पहार माझ्या हातात दिली. गंज नव्हता. दरवर्षी तेल लावलेलं दिसत होतं.

"तुम्हीही चला, अप्पा."

"न्हाई. मेली म्हनले तर मला थितं बसता यायचं न्हाई. तुम्ही जावा. आन जे आसंल ते सांगा. गोड करून सांगू नका."

कर्नाटकाच्या हद्दीला लागून ते गाव. दुपारची वेळ. मारोतीमामांचं घर सापडलं, दोन खोल्या आणि पुढं ओसरी. मामा साठीचे, बारीक, क्लॅरोनेट वाजवणाऱ्यांचे असतात तसे गाल आत गेलेले. ओसरीच्या कडेला एक म्हातारी बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. मी ओळख सांगितली, सिनेमाचं नाव काढलं. मामांना वाटलं वाजवायला बोलवायला आलोय.

"आता दम न्हाई राहिला सर. पोराला न्या."

मी कापड सोडून पहार जमिनीवर ठेवली आणि अप्पांचं नाव न घेता एवढंच म्हटलं, "भूकंपाच्या दिवशी तुम्ही एका दुकानात ही मागितली होती."

मामांचे गाल आणखी आत गेले. कानानं कमी ऐकणारी म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "पाव्हणं हुबं का? बसा की हितं." आणि मला जागा द्यायला ती एक हात टेकून बाजूला सरकली. तिचा एक पाय ताठ होता. ती बसली होती ती जाड सागवानी फळी होती. चार विटांवर आडवी टाकलेली. शेंगांच्या टरफलांखालून ऑइलपेंटचा पांढरा आकडा दिसत होता. सात.

मी विचारलं, "ह्या...?"

"अक्का," मामा म्हणाले.

त्या फळीची तरफ करून मामांनी आणि आणखी दोघांनी तुळई उचलली होती. त्याच फळीवर झोपवून अक्काला डांबरी रस्त्यापर्यंत आणलं. पाय गेला, जीव राहिला. पुढं भावानं तिला आपल्या घरी आणलं आणि फळीही आणली.

"तो दुकानदार अजून आहे," मी सांगितलं. "त्यांनीच पाठवलंय. त्यांना वाटलं होतं तुम्ही चोर आहात."

मामांचा आवाज चढला. "चोरली न्हाई म्या. मागितली ती दिली न्हाई, दिसली ती नेली!" मग पहारीकडं बोट करून, "ही आसती त्या दिशी, तर दाजी बी..."

"काय म्हनायलास रे?" अक्कानं विचारलं.

"काय न्हाई."

"दाजींचं म्हनायलास. मला दिसतंय तोंडावर." अक्कानं एक शेंग फोडली आणि दाणे माझ्या हातावर ठेवले. "त्येंचं त्याच घडीला झालं हुतं. मी बाजूलाच हुते की. मला म्हाईत, ह्येला न्हाई." मग ती पहारीकडं वाकून बघत म्हणाली, "चांगली हाय. ठेवून जावा. आंब्याचे खड्डे घ्यायचेत."

मी भीतभीत विचारलं, "आणि फळी? अप्पांना दाखवायला..."

"फळी?" अक्का हसली. तिला हे मात्र पहिल्या झटक्यात ऐकू आलं होतं. "मग मी बसू कशावर?"

परतीच्या रस्त्यावर मी एका टपरीवर बराच वेळ गाडी थांबवली. मामांचं अर्धं वाक्य सांगायचं का? अक्का म्हणाली ते खरं असेल. कदाचित भावासाठी ती इतकी वर्षं तसं म्हणत आली असेल. मी ते वाक्य गाळलं असतं तर कुणाला कळलं नसतं. पण सात नंबरची एक खोटी फळी मी त्या दारात एकदा बसू दिली होती. दुसरी बसवायची नव्हती.

अप्पा दुकानात एकटेच होते. माझ्या मोकळ्या हातांकडं त्यांनी आधी पाहिलं.

"जगली?"

"जगल्या. पाय अधू आहे. त्या फळीवरच बसतात."

अप्पांनी वजनकाट्याची दांडी धरली. "आन अक्काचा नवरा?"

मी सगळं सांगितलं, मामांचं अर्धं वाक्य आणि अक्काचं पुरं वाक्य, दोन्ही, जसं झालं तसं. अप्पांनी ऐकून घेतलं. मधेच एक बाई साखर मागायला आली. तिला त्यांनी साखर मोजून दिली, पुडी बांधली, दोरा दातानं तोडला. ती गेल्यावर त्यांनी काट्याचं पारडं पुसलं.

"पहार घेतली त्येंनी?"

"घेतली. आंब्याचे खड्डे घ्यायचे आहेत."

"बरं झालं." त्यांनी डोळे पुसले. "आन फळी?"

"फळी देणार नाहीत म्हणाल्या."

'तुमचंच हाय की' या वाक्याचा अर्थ मी आजवर शेकडो परगावच्या लोकांना समजावून सांगितला आहे. त्यात देणं कधीच नसतं, असं सांगत आलो आहे. त्या दिवशी मात्र अप्पांनी ते उच्चारलं तेव्हा त्यात दुसरा काहीच अर्थ नव्हता.

"त्यांचीच हाय की," अप्पा म्हणाले.